ओहोटीचं पान

बेतुलच्या वाचनालयात कपाटं तीन,
एक खारट हवेनं गंजलंय, उघडतच नाही.
उरलेल्या दोघांत जे आहे ते गाव वाचतं,
आणि यंदा, मासेमारी बंद, जाळी माळ्यावर, हात रिकामे,
गावानं एकच वाचलं:
मुखपृष्ठावर तिरका ट्रॉलर,
निघताना आत सहाजण,
परतताना पाच.

मी नोंदवही सांभाळतो.
कसं वाटलं, हे विचारणं माझं काम नव्हे.
पण लोक छत्री कोपऱ्यात टेकवतात
आणि उभ्याउभ्या सांगतात.

फळदेसाई सर म्हणाले, भाषा ढिली, उत्कंठा पक्की,
खुनी आपल्याला चाळिसाव्या पानावरच कळला.
(सरांना सगळंच चाळिसाव्या पानावर कळतं.
पुस्तकाची मुदत मात्र दोनदा वाढवून घेतली.)
मिताली वेळीपला खुनीच आवडला,
"तो एकटाच कुणाशी खोटं हसत नाही."
बर्फाच्या कारखान्यातला शाणू वैतागलेला:
"पेटीत मासळी कमी, बर्फच जास्त.
ऐंशी पानं नुसतं धुकं!"

रोझालिनबाईंचं मराठी चौथीपर्यंतचं,
बोट ठेवून वाचतात. तीन आठवडे लागले.
"बोटीवर कोण एवढं बोलतं?" त्यांनी मलाच विचारलं.
"माझा घोव एकवीस वर्षं तारवटी.
फोनवर म्हणतो, जेवलीस?
मी हो म्हणेपर्यंत रेंज जाते."
पाच रुपये दंड मी घेतला नाही,
त्यांनी टेबलावर ठेवलाच.

सोयरू पागी सगळ्यांत शेवटी आला.
त्याला अक्षरओळख नाही, नातवानं वाचून दाखवलेलं.
पान दुमडून आणलं होतं, एकशे बारा.
अमावास्या. रात्रीचे बारा. नदीचं मुख.
आणि ते वाक्य, जे मितालीनं वहीत उतरून घेतलंय:
ओहोटीनं प्रेत अलगद उचललं आणि दर्याच्या स्वाधीन केलं.

त्यानं त्या ओळीवर अंगठा ठेवला.
"हें चूक."

अमावास्येला बाराला इथं भरती असते, म्हणाला, फुल्ल भरती.
मुखावर टाकलेलं बाहेर जात नाही.
आत येतं.
साळ नदीनं वर चढतं, खारफुटीत अडकतं,
पाणी उतरलं की चिखलात बसून राहतं,
दुसऱ्या भरतीला परत निघतं.
तिसऱ्या दिवशी असोळण्याच्या पुलाखाली.

मी हसलो. म्हटलं, मग काय आजोबा,
खुनी तिथंच सापडला असता,
पुस्तक अर्ध्यावर संपलं असतं!

तो हसला नाही.
"सापडला नाही," म्हणाला.

पंखा कुरकुरत होता.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती काही चालू होत नव्हती.

मग त्यानं माझ्यापुढची पेन्सिल उचलून
माझ्याच हातात दिली.
भिंतीवर माझ्या अक्षरात पाटी आहे,
पुस्तकात खाणाखुणा करू नयेत.
तिच्याखाली बसून मी 'ओहोटी' खोडलं,
वर बारीक 'भरती' लिहिलं.
त्याला वाचता येत नाही,
तरी तो वाकून बघत राहिला, शाई वाळावी तसा.
छत्री विसरून गेला. अजून कोपऱ्यात आहे.

आता गोष्ट बिघडलीय.
पुढची दीडशे पानं ज्याला खोल समुद्रात शोधतात
तो मागेच, पुलाखाली येऊन थांबलाय.
तरी लोक शेवटपर्यंत वाचतात.
सरांनी तिसऱ्यांदा नेलं,
परत देताना एकशे बारा उघडून म्हणाले, हे कुणी केलं?
मी म्हटलं, वाचकानं.
ते काही तरी बोलणार होते,
चष्मा पुसला, गेले.

कार्डावर तारखेचा शिक्का मारतो.
आज पंचमी.
पाणी कितीला चढेल,
हल्ली मला माहीत असतं.